सूर्याकडे पाठ

मानोऱ्याच्या बाजारात एक फोटोवाला चिंचेखाली पडदा टांगायचा. पडद्यावर तलाव आणि मावळता सूर्य रंगवलेला. सोयरिकीसाठी फोटो हवा म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते. काळ्या कापडात डोकं घालायचा, लगेच बाहेर काढायचा.

"डोळे काहून बारीक करून राह्यले तुमी?"

"समोर सूर्य बुडून राह्यला ना," मी म्हणालो.

तो वळला आणि बघतच राहिला. ज्वारीच्या वावरांवर लालभडक आभाळ उतरलं होतं.

"गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड पाह्यजे म्हून जिंदगीभर याच्याकडे पाठ केली," तो हळू बोलला. "पाह्यला तो पडद्यावरचा."

मग घाईघाईने त्याने मला खुर्चीसकट फिरवलं आणि खरा सूर्य माझ्या पाठीशी घेऊन फोटो काढला. असा काढला की माणूस काळा येतो, हे त्याला ठाऊक नसेल थोडंच?

घरी वडील चिडले, "याच्यात तू कोठी हायेस?"

दुसऱ्या फोटोसाठी पुढच्या बाजारी गेलो. पडदा गुंडाळलेला होता. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो वावरांकडे धावत निघाला होता. मी रिकाम्या खुर्चीत बसलो, पश्चिमेकडे तोंड करून. त्याला हाक मारली नाही.