रक्तात सापडलेला भात

आमच्या घरची चूल दोन बायकांच्या कमरेवर पेटायची. आई आणि आत्या पावसाळ्यात पाड्यावरून खाली उतरून लोकांच्या शेतात भातलावणीला जायच्या, दिवाळीनंतर गवत कापायला. बाप वीटभट्टीवर. मिळेल ते चौघांत वाटून खायचं आणि उरलं नाही याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही, अशी रीत. त्या घरातली मी पहिली बीएस्सी. हे मी मुद्दाम सांगते. मला त्याचा अभिमान आहे, आणि जिच्याबद्दल लिहायला बसले तिने पहिल्याच भेटीत याचीच उलटतपासणी घेतली होती.

भिवंडीत एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे मी रक्त घेण्याचं आणि तपासण्यांचं काम करते. ही आजी भिवंडीजवळच्या शेलार गावची, आगरी, सत्तरीच्या पुढची. हातात कागद दिला की ती तो आधी उलटा करायची. पुढे काय छापलंय ते नंतर.

"मागं कोरा कशाला ठेवलाय?"

"आजी, रिपोर्ट एकाच बाजूला छापतात."

"मंग मागं कोन लिवनार?"

तुम्ही म्हणाल, म्हातारीचा खुळेपणा. पण तिच्या घराभोवतीची सगळी शेतं गोडाऊनखाली गेली होती. घरामागचा एक तुकडा तेवढा उरला होता, तिच्या नावावरचा, भाताचा. त्याच्यासाठी जमिनीचे एजंट रोज ओटीवर येऊन चहा पीत बसत. कोऱ्या कागदाला ती का भ्यायची ते मला लगेच कळलं. आमच्या पाड्यावरही कागद घरात आला की काहीतरी घराबाहेर जायचं. मी पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोनाची गो?"

"डोंगराकडच्या पाड्यावरची."

"आनि सुया टोचाला कोनी शिकवला?"

"कॉलेजात, आजी. बीएस्सी झालेय."

"नवऱ्यानं शिकवला?"

"आईनं."

यावर तिने हात पुढे केला. डावा. "उजवा नाय देनार. उजव्यानं सही करते मी."

तिचा आजार असा. गणपती होऊन गेले, बांधावरचं गवत फुलोऱ्यात आलं, की शिंका, डोळे लाल, छातीत शिट्टी. आदल्या वर्षी दम इतका लागला की दवाखान्यात ठेवावी लागली. मग मुलाने कुठल्याशा पॅकेजमध्ये तिचं रक्त तपासून आणलं. रिपोर्टात गवताच्या परागांपुढे खूण होतीच, पण तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी यांच्यापुढेही होती. खाली एक ओळ: हे पदार्थ टाळा.

आगरी घरात भात बंद! तांदळाची भाकरी नाही, पेज नाही, चपातीही नाही. म्हातारी रताळी, बटाटे आणि साबुदाण्यावर आली.

"सुकट आनि साबुदाना. तुमी खाऊन बघा, डाक्टर," ती म्हणाली. "मी काय रोज एकादस धरली?"

तिच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत होत्या. शेजारी सून बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून आजी मला म्हणाली, "हिला इचार, तांदलाच्या डब्याला कुलूप का लावलाय. मना उपाशी मारून शेतावर गोडाऊनचे पत्रे ठोकाचेत यांना."

सून पाणी प्यायला उठली. बाहेर पाण्याच्या कूलरपाशी मी तिला गाठलं, कारण संशय मलाही आला होता.

"डॉक्टरांकडे आणायचं कुणी ठरवलं?"

"मी," ती म्हणाली. "यांना सांगितलं नाही. ताई, त्या वाळत चालल्यात. कुलूप मी लावलं, खरं आहे. रात्री उठून कच्चे तांदूळ खायच्या. उद्या काही झालं तर?" मग दाराकडे एकदा बघून, "त्यांना नाही म्हणून मीही भात सोडलाय. पण तुम्ही नका सांगू."

डॉक्टरांनी आजीला साधा प्रश्न विचारला. "भात खाल्ल्यावर काय होतं?"

"पोट भरतं."

"खाज? उलटी? दम?"

"जल्मभर खाल्ला. भातावर चार पोरं काढली. दम लागतो तो गवताचा."

डॉक्टर म्हणाले, अँटिबॉडी रक्तात सापडणं वेगळं आणि तिच्यामुळे त्रास होणं वेगळं. नेमकी कशाविरुद्धची अँटिबॉडी आहे हे सुटं सुटं मोजायला हवं. ती तपासणी मुंबईला होते.

"माजा रगत मुंबईला कशाला?" आजी माझ्यावर उखडली. "तिथं कोन हाय माजा?"

आठवड्यात तिचा मुलगा आला. एकटा. चांगला शर्ट, गाडीची किल्ली बोटात फिरवत. त्याला तपासणीचं कळलं होतं.

"मॅडम, एक छोटं काम होतं. सरांच्या लेटरहेडवर लिहून मिळेल का, की भातशेतीजवळ राहणं आईच्या जिवाला धोक्याचं आहे?"

"कुणाला दाखवायचंय?"

"घरातच. तिला पटत नाही ना."

"मग तोंडी सांगा."

तो हसला, किल्ली थांबली. मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर म्हणाले, "त्याला विचार, आईचं शेत विकलं तरी चारही बाजूंच्या गोडाऊनमागे माजलेलं गवत कोण विकत घेणार? वारा काय सातबारा बघून वाहतो?"

निकाल आला. गवताच्या परागांचीच म्हणून जी खास प्रथिनं असतात, त्यांच्याविरुद्ध आजीच्या रक्तात भरपूर अँटिबॉडी होत्या. म्हणजे गवताचा त्रास खरा. पण आणखी एका प्रथिनाविरुद्धही होत्या, आणि ते प्रथिन जवळजवळ सगळ्याच झाडापाल्यात, धान्यात असतं. तांदूळ-गव्हापुढच्या खुणा त्याच्यामुळे उमटल्या असाव्यात, असा डॉक्टरांचा अंदाज.

आजीला हे समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "तुमच्या घराशेजारच्या गोडाऊनच्या गेटावर वॉचमन आहे ना? समजा निळा टीशर्ट घातलेल्या एका पोराने माल चोरला. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन निळा टीशर्ट दिसला की प्रत्येकाला अडवतो. डिलिव्हरीवाल्यालाही. तुमच्या रक्तातला वॉचमन तसा आहे. चोर गवत. भाताने नुसता तसलाच टीशर्ट घातलाय."

ती विचारात पडली. "आनि भातानं पन चोरला असला तर?"

हा प्रश्न बरोबर होता. म्हणूनच डॉक्टरांनी तिला सकाळी दवाखान्यात बोलावलं, भात घरून शिजवून आणायला सांगितलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थोडा थोडा खायचा आणि मध्ये थांबून बघायचं. ट्रेमध्ये इंजेक्शन तयार ठेवलं होतं.

"ती सुई कोनासाठी?"

"तुमच्यासाठी. लागली तर."

सुनेने डबा उघडला. भाताचा वास खोलीभर झाला. आजीने डबा माझ्याकडे सरकवला. "आधी तू खा. हिनं काय टाकलाय कोनाला ठाव."

आमची आई अशाच जमीनवाल्यांच्या शेतात लावणीला जायची तेव्हा तिला भात पानावर मिळायचा, बांधाच्या पलीकडे बसून. मी आजीच्या डब्यातून, तिच्यासमोर बसून, पहिला घास घेतला. आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मेलीस काय?"

"नाही, आजी."

"थांब जरा. लगेच कलत नाय."

आम्ही थांबलो. मग तिने चमचा उचलला आणि तो अर्ध्यातच राहिला. एवढ्या जणांवर संशय घेतलेल्या त्या बाईने हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "भात मना दगा देल काय गो?"

मी तिचा उजवा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

एक शीत. मग चमचा. मग दोन. डॉक्टर येत, छाती तपासत, ओठ बघत, जात. आजीच्या तक्रारी सुरू झाल्या तेव्हाच मला धीर आला. "कोरडा भात कुत्र्याला घालतात. बोंबलाचा कालवन का नाय आनला?" दुपारपर्यंत काहीही झालं नाही. खाज नाही, शिट्टी नाही. डॉक्टर म्हणाले, "भात खा, गहू खा. मोसमात नाकातला फवारा सोडू नका, फुलोरा असेपर्यंत शेतात जाऊ नका."

मग सुनेने सांगू नका म्हटलेलं मी सांगून टाकलं. "आजी, तुम्ही सोडला तेव्हापासून तुमच्या सुनेनेही भात खाल्लेला नाही."

आजीने सुनेकडे पाहिलं. डब्यात थोडा भात उरला होता तो तिच्यापुढे ढकलला. "गिल आता. आनि घरी जाऊन कुलूप काढ."

संध्याकाळी न्यायला मुलगा आला. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, गेल्या वर्षी दम लागला त्या दिवशी आई माझ्या हातात निळी पडली होती. मी घाबरलो होतो." खरंच घाबरला असेल. एजंटाकडून शेताच्या सौद्याचं टोकनही घेतलं असेल. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढची काही वर्षं ती गणपतीच्या आधी फवारा न्यायला यायची. सील नीट आहे का ते बघून, मग खिडकीबाहेर एकदा उडवून. येताना माझ्यासाठी घरच्या तांदळाच्या दोन भाकऱ्या आणायची, आणि मी खाताना समोर बसायची. आता संशयाने नाही, असं मी समजते.

एका वर्षी सून एकटी आली. आजी उन्हाळ्यातच गेली होती, झोपेत. फवारा नको होता, ती नुसतं सांगायला आली होती. घरामागच्या शेतावर पत्रे उभे राहिलेत, हेही तिने सांगितलं.

पण आजी होती तोवर ते शेत शेतच राहिलं, आणि जायच्या आदल्या रात्रीही ती त्याच शेतातला भात जेवली होती.