फोटोवाल्याचा ब्राइट

महाडच्या स्टँडजवळच्या फोटोवाल्याचा इंग्रजीतला एकच शब्द लाडका आहे: ब्राइट. त्याच्या लेखी त्याचा अर्थ गोरा. समोर कोणीही बसो, "हनुवटी खाली घ्या, बाकी मी ब्राइट करतो," असं म्हणत तो जीभ दातांत धरून माऊस फिरवतो.

आई गेल्यावर, त्यानेच काढलेला, त्याच्याच कॉम्प्युटरात तसाच पडून राहिलेला तिचा एकुलता एक फोटो मी मोठा करायला सांगितला. कुडपणच्या उन्हात जन्मभर राबलेली माझी आई त्या मेल्याने पिठासारखी पांढरी केली, आणि कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं.

"ही माझी आई नाही! आधीचा फोटो द्या," मी ओरडले.

"तो उडवला, ताई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "एवढी ब्राइट झाली हाय, मग काळी कशाला ठेवायची?"