बोयावरचं डमरू

आगरदांड्याच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा मी बसायची फळी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, आणि चेहरा मात्र गंमत म्हणून धरल्यासारखा ठेवला होता.

"आजी, फळीला जरा श्वास घेऊ दे," माझी नात रेवा म्हणाली.

तिला हसू येत होतं, पण स्वतःच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तिनं दोनदा ओढून बघितला होता. पुण्यातली नोकरी सोडून ती इथं पर्यटकांना समुद्र दाखवणार होती. बोट नामदेव नाखव्याची (नाखवा म्हणजे बोटीचा मालक). त्याचे गुडघे गेले होते. त्याची अट साधी होती: आज रेवानं बोट सुखरूप परत आणली, तर हंगामभर बोट तिची. नाहीतर दिघीचा एक जण तयारच होता.

मी का गेले? कुणी बोलावलं नव्हतं. सत्तरीनंतर बोलावण्याची वाट बघत बसायचं नसतं.

निघण्याआधी धक्क्यावर चहा घेताना रेवानं मला बोये शिकवले होते. बोया म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेली तरंगती खूण. काळ्या-पिवळ्या बोयाच्या डोक्यावर दोन शंकू असतात. दोन्ही वर, तर उत्तरेकडून जा. दोन्ही खाली, तर दक्षिणेकडून. पूर्वेचे शंकू बुडाला बूड लावलेले, पश्चिमेचे टोकाला टोक.

"म्हणजे पूर्वेला शंकरपाळी आणि पश्चिमेला डमरू," मी माझा डबा उघडत म्हटलं.

"आणि शंकू दिसले नाहीत, तर रंग बघायचा. शंकूंची टोकं जिकडे, तिकडे काळा. डमरूची टोकं मध्ये, म्हणून काळा पट्टा कमरेला, वर-खाली पिवळा."

"आणि बोयाला होडी बांधायची नाही," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांनी एकदा बांधली होती."

हे मी सहज बोलून गेले. नाखव्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

खाडीबाहेर बोट त्यानंच काढली. वाट दिसू नये म्हणून रेवाला बोटीच्या तळाशी बसवलं, तिचा फोन स्वतःच्या खिशात टाकला. "येताना तू आन् दर्या. मी न्हायच, असं समज." दक्षिणेला बरंच लांब गेल्यावर सुकाणू तिच्या हातात दिलं आणि तो पुढच्या टोकाला जाऊन बसला.

परतताना धुकं उतरलं. आधी डोंगर गेला, मग माडांची रांग, मग किनाराच. उरलं ते इंजिनाची धडधड आणि रेवाच्या पुढ्यातलं होकायंत्र. खाडीच्या तोंडाआधी एक खडप आहे (पाण्याखालचा पसरट खडक), एवढं मला ठाऊक होतं. किती ठाऊक होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"बोया!" रेवा म्हणाली.

समोर तो डुलत होता, आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरून एक पाणकावळा ऊन नसलेल्या हवेत पंख वाळवत बसला होता. शंकू त्याच्या पंखांआड.

"वर पिवळा, खाली काळा. दक्षिण," रेवा पुटपुटली. "म्हणजे याच्या अलीकडूनच उजवीकडं वळायचं." तिनं सुकाणू वळवायला घेतलं.

पुढं नाखव्याची पाठसुद्धा हलली नाही.

माझं लक्ष बोयाच्या बुडाकडं होतं. त्यातला खालचा काळा मला खरबरीत दिसत होता. लाट खाली गेली की तो ओला, गुठळ्या-गुठळ्यांचा चमके. हे मी सुनेच्या स्वयंपाकघरात किती वेळा घासलं आहे! शिनाणे (काळ्या शिंपल्या) माजले होते तिथं.

"रेवा, तो खालचा काळा रंग आहे, की शिनाणे चिकटलेत?"

तिनं इंजिन हळू केलं. "आजी, नक्की?"

हा शब्द मी आधी ऐकला होता. चोवीस वर्षांची, देशावरून आलेली, दावणीची बैलं बघून वाढलेली मी. समुद्रात तो दांडगा खुंटा दिसल्यावर नवऱ्याला म्हटलं, इथंच बांधा होडी, पोहे खाऊन घेऊ. त्यांनी विचारलं होतं, "नक्की?" आणि या बयेनं सांगितलं होतं, "नक्की." ओहोटी लागली, होडी खडपावर बसली, आणि भरती येईपर्यंत आम्ही उन्हात पोह्यांचा रिकामा डबा बघत बसलो.

"नक्की नाही," मी म्हटलं. "वळू नकोस. नीट बघ आधी."

रेवा थांबली. बोट लाटेवर नुसती वरखाली होत होती. एक मोठी लाट बोयाला उचलून गेली आणि शिनाण्यांच्या फटीतून, अगदी तळाशी, हातभर पिवळा दिसला.

"कमरेला काळा! पश्चिम!" तिनं सुकाणू डावीकडं ओढलं. आम्ही समुद्राच्या बाजूनं लांब वळसा घातला. पाणकावळा वैतागून उडाला, तर खाली डमरू. आणि जिथून आम्ही वळणार होतो, तिथं पाणी फुटून काळा दगड दात विचकून पुन्हा बुडाला.

तेव्हा नाखव्यानं हातातला, खडकाला रेटा द्यायचा बांबू खाली ठेवला. तो त्यानं कधीपासून धरून ठेवला होता, मला दिसलंच नव्हतं.

धक्क्याला लागल्यावर त्यानं चावी रेवाच्या तळहातावर ठेवली. मग डब्यातली शंकरपाळी तोंडात टाकून म्हणाला, "याच खडपावर आमच्या बापाची होडी बसलेली. भाड्यानं नेलेली एका जोडप्यानं. बोयाला बांधून पोहे खात व्हते. मी एवढासा, पर बाप हसत सांगायचा ते ध्यानात हाय. म्हणायचा, बांधा म्हणणारी बाई व्हती."

रेवानं हळूच माझ्याकडं मान वळवली. "आजोबांनी बांधली ना गं?"

"दोर त्यांच्याच हातात होता," मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं.

पुण्याच्या एसटीत बसल्यावर मी उरलेली शंकरपाळी काढली. तोवर खायला सवड नव्हती. रेवा तिथंच राहिली, उद्या तिची पहिली फेरी. खिडकीशी बसून मी हिशेब केला, की पन्नास वर्षांत मला शहाणपण किती आलं. "नक्की नाही" हे दोन शब्द, बस. पण ते त्या दिवशी वेळेवर आले.