पहिल्या वाक्यावर विश्वास नसलेले सर

भोकरदनच्या आमच्या शिकवणीच्या सरांचा या जगात कुणाच्याही पहिल्या वाक्यावर विश्वास नव्हता. ते इंग्रजी शिकवायचे, आणि त्यातही वाक्यरूपांतर. होकारार्थी वाक्य नकारार्थी करा, विधानाचा प्रश्न करा. रूप बदलावं, अर्थ हलू नये. वहीत आम्ही सगळेच हे करायचो. पण सर चपला घालून बाहेर पडले तरी त्यांचं रूपांतर चालूच असायचं. दूधवाला म्हणायचा, "सर, दूध एकदम चोख आहे." सर पातेलं मागेच धरायचे. "नकारार्थी कर." "म्हंजे?" "पाणी घातलेलं न्हाई, असं म्हण." दूधवाला मान खाजवायचा. "सकाळी सकाळी काय बोलायला लावता, सर! जल्दी पातेलं धरा." सर आमच्याकडे बघून डोळे बारीक करायचे, की बघा, सापडला. बसस्टँडवर "जालना गाडी येऊन राह्यली" असं कळलं, की ते चौकशीच्या खिडकीत डोकं घालून विचारायचे, "म्हंजे रद्द झालेली न्हाई ना?" माझं उत्तर बरोबर आलं की त्यांचा संशय जास्तच वाढायचा. ते मला मूळ वाक्यावर परत यायला लावायचे. उत्तर दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल तर परतीची वाट सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बारावीच्या परीक्षेआधी माझे वडील आमच्या गावाहून, हसनाबादहून, सरांना भेटायला आले. आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि मला इंग्रजीची धास्ती होती. "सर, नापास झाला तं वावरात नेतो याला," वडील म्हणाले.

"आणि पास झाला तं?"

"मंग बघू."

"बघू चालत न्हाई, भाऊ. पास झाला तं नेणार न्हाई, असं म्हणा."

वडील तसं म्हणाले.

"आता प्रश्न करून."

वडील वैतागले. "अहो सर, पास झालेल्या पोराला मी कशाला वावरात नेईन?"

"बराबर," सर म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

मी काठावर पास झालो. वडील एकदा पेरणीचं काढून बोलायला लागले, पण मधेच थांबले. सरांपुढे स्वतःच्या तोंडानं बोललेलं त्यांना मोडवेना. कॉलेजसाठी जुन्या जालन्यात खोली मिळाली. निघताना सरांच्या पाया पडलो. "सर, दिवाळीला येईन भेटायला," म्हणालो आणि "नकारार्थी कर" ऐकायची वाट बघत उभाच राहिलो. आल्याशिवाय राहणार नाही, न येता कसा राहीन, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

"ये," एवढंच सर म्हणाले.

गाडी हलली तरी ती वाक्यं माझ्या तोंडातच होती.