दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या कासारवाडीच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. पप्पांनीच तसं लावलं होतं, महाळुंग्याला जाणारी कंपनीची बस चुकू नये म्हणून. त्यांचं कंत्राट संपलं, बसही बंद झाली. घड्याळ मात्र कोणी मागे घेतलं नाही.

माझा कॉम्प्युटर जुना, कोणीतरी वापरलेला. सुरू केला की मी शाळेत होते तेव्हाचं साल दाखवायचा, आणि तारीख चुकली की कॉलेजची वेबसाइटही उघडायची नाही. आतला छोटा सेल संपला असणार, असं मी वाचलं होतं. वीज चालू असेपर्यंत वेळ टिकायची. पण मशीन सोडताना मेन स्विच बंद करायचा, ही पप्पांची कंपनीतली सवय. झोपण्याआधी ते बोर्डावरचं बटण बंद करायचेच.

म्हणून तारीख-वेळ कशी लावायची ते मी त्यांना शिकवलं. काम नसलं तरी ते पहिल्या शिफ्टच्या वेळेला उठत. अंघोळ करून, शर्ट खोचून स्क्रीनसमोर बसत आणि एका बोटाने आकडे भरत. मग मला हाक, "लावला गं टाइम. बस आता." सेल आणायचं मी लांबवत राहिले. त्यांच्याकडे सकाळचं तेवढंच काम उरलं होतं, असं मला वाटायचं.

हिंजवडीतल्या एका कंपनीची भरतीची परीक्षा मी घरूनच दिली. शेवटचे प्रश्न मला येत होते, पण वेळ संपली म्हणून पान मध्येच बंद झालं. मोबाइलवर अजून दहा मिनिटं बाकी होती. परीक्षा ठरल्या वेळी सुरू झाली, पण संपायची वेळ कॉम्प्युटरच्या घड्याळावरून धरली होती, आणि ते पप्पांनी भिंतीकडे बघून लावलं होतं.

पप्पा दारातच थांबले होते. "झाली का वेळेत?"

"झाली," मी म्हणाले.

निवड झालेल्यांत मी नव्हते. मग मात्र मी सेल आणून बसवला. कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे बसले. तारीख बरोबर होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"हा मागे पडतोय गं. पुढे घेऊ?"

"नको पप्पा. राहू द्या."

त्यांनी माउस सोडला.

"त्या दिवशी मीच लावला होता ना?"

ते उठले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि मांडीवर घेऊन मागची चकती हळूहळू फिरवत बसले.