रंगावर बसवलेली अर्थिंग

गाडीत तिसरा अॅम्प्लिफायर, म्हणजे टेपचा आवाज वाढवणारा डबा, बसवून झाला होता आणि स्पीकरमधली शिट्टी जशीच्या तशी होती. इंजिन बंद असलं की स्पीकर शांत. इंजिन चालू केलं की बारीक सूर सुरू. अॅक्सिलरेटर दाबला की तो वर चढायचा, सोडला की खाली उतरायचा.

आमच्या धंद्यात याला अल्टरनेटर नॉइज म्हणतात. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याच्या विजेत थोडी थरथर असते. ती टेपच्या सिग्नलमध्ये शिरली की स्पीकरमधून शिट्टीसारखी ऐकू येते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शारजात कार ऑडिओच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस सुपरवायझर होतो. तीन आठवड्यांच्या रजेनंतर पुण्याहून परतलो, तर पहिल्याच सकाळी टेबलावर दोन गोष्टी होत्या. या गाडीची फाइल, आणि आमचा फिटर आग्नेलो याला काढून टाकण्याचं टाइप केलेलं पत्र. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली.

आग्नेलो वसईचा. सहा वर्षं माझ्या हाताखाली होता. बायको आणि दोन मुली इथेच, मुली शाळेत. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, आणि व्हिसा गेला की चौघांनीही सामान बांधायचं. माझ्या माहितीत त्याच्या हातचं एकही काम परत आलेलं नव्हतं.

मी थेट मॅनेजर खन्नांकडे गेलो. ते म्हणाले, कस्टमर अबुधाबीचा मोठा सरकारी अधिकारी आहे, तीन वेळा एवढ्या लांबून आला, नाक कापलं गेलं. मी म्हटलं, आधी फॉल्ट तर सापडू दे. त्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गाडी ठीक करो, पाटणकर. आदमी का फैसला हो चुका है."

ही भाषा माझ्या डोक्यात गेली. ज्या माणसाला तारेचं टोक कळत नाही, त्याने फॉल्ट शोधण्याआधीच गुन्हेगार ठरवला होता.

गाडी आत घेतली आणि आग्नेलोला बोलावलं. तो गाडीजवळ यायला बिचकत होता, कारण त्याला हात लावायची बंदी केली होती. मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर ये.

आधी टेपकडून अॅम्प्लिफायरला येणारी सिग्नलची वायर काढली. शिट्टी बंद. म्हणजे अॅम्प्लिफायर निर्दोष, आणि आधीचे दोन उगाच बदलले. वायर परत लावली, व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर घेतला. अॅम्प्लिफायर डिकीत असतो. त्याची अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जाण्याची वाट, डिकीतल्या एका बोल्टवर होती. अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत इंजिन चालू असताना जवळजवळ काहीच व्होल्टेज दिसायला नको. इथे अर्धा व्होल्ट होता. अर्थिंगची वाट बुजली की ती वीज सिग्नलच्या वायरमधून वाट काढते, आणि थरथर सोबत नेते. एक जाड वायर अॅम्प्लिफायरपासून थेट बॅटरीला तात्पुरती जोडली. स्पीकर गप्प.

मग बोल्ट उघडला. वायरच्या टोकाखाली पत्र्यावर गुळगुळीत रंग होता. रंगातून वीज जात नाही, म्हणून बोल्टखालचा पत्रा घासून चकचकीत करावा लागतो.

आग्नेलो खाली वाकून बघत राहिला. "साहेब, मी इथे पत्रा घासला होता. हा रंग नंतरचा आहे."

रंग खरवडून बोल्ट परत आवळला, तात्पुरती वायर काढली, शिट्टी नव्हती. मग जुनी जॉब कार्डं, म्हणजे गाडीच्या कामांच्या नोंदी, काढली. आग्नेलोच्या फिटिंगनंतर दोन महिन्यांनी याच गाडीला मागून धक्का बसला होता. डिकीचा पत्रा सरळ करून रंगवला होता आणि अर्थिंगचं टोक त्या रंगावरच परत आवळलं होतं, तेही आमच्याच कंपनीच्या बॉडीशॉपमध्ये. बॉडीशॉप खन्नांच्याच हाताखाली. काम तपासल्याची सही त्यांचीच.

कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वाचून पालथं ठेवलं. मग म्हणाले, कस्टमरला सांग अॅम्प्लिफायर खराब होते, नवीन टाकला. आणि आग्नेलोचं पत्र? मी विचारलं. "वो अलग बात है. किसी को तो जवाब देना पड़ेगा."

मी सही केली नाही.

दुपारी ते अधिकारी आले. पन्नाशीचे, मवाळ बोलणारे, हिंदी उत्तम. गाडीत ते कुराणपठणाच्या कॅसेट ऐकत. दोन आयतांच्या, म्हणजे वचनांच्या, मधे पठण करणारा थांबतो, त्या शांततेत ही शिट्टी घुसायची, म्हणून ते पुनःपुन्हा येत होते. खन्नांनी त्यांना आधी गाणी मोठ्याने लावायचा सल्ला दिला होता, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी इंजिन चालू केलं, कॅसेट लावली, डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "क्या था?"

खन्ना बोलायला पुढे झाले. मी त्यांच्याआधी डिकी उघडली, बोल्ट दाखवला, कुणी काय केलं ते क्रमाने सांगितलं. आवाज चढला असेल माझा. शेवटी हेही सांगितलं, की या कामापायी आग्नेलोची नोकरी जाते आहे.

त्यांनी बोल्टवरून बोट फिरवलं आणि खन्नांकडे वळले. "फिर इसको क्यों निकालते हो?"

खन्ना हसून म्हणाले, नो प्रॉब्लम, काही गैरसमज झाला.

पत्र दुसऱ्या दिवशी फाइलमधून नाहीसं झालं. आग्नेलोची माफी कुणी मागितली नाही. बॉडीशॉपला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र मेमो मिळाला: परवानगीशिवाय कस्टमरशी बोलल्याबद्दल. आठ महिन्यांनी आग्नेलोने स्वतःहून राजीनामा दिला आणि शारजातल्याच हमरिया फ्री झोनमध्ये बोटींच्या वायरिंगचं काम धरलं. आमच्याकडचा सगळ्यात चांगला फिटर गेला. खन्नांना त्याचं काही वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

गाडीत अशी शिट्टी आली, तर महागाचा डबा बदलण्याआधी अर्थिंगचा बोल्ट उघडून बघा. आणि तो ज्याने बसवला, त्याला आधी विचारा. आमच्याकडे तीन आठवडे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.