घळीत उतरायचा बेत

परदेशातल्या रिकार्टन उपनगरातल्या घरात, सकाळच्या चहानंतर पुरुषोत्तमने टेबलावर नकाशा पसरला. छत्तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. अंदाजाने काम करणं त्याला जमत नसे. गाडीपासून खिंडीपर्यंत चार तास. वाटेत पाणी नाही, म्हणजे सहा लिटर पाठीवर. त्या कोरड्या डोंगरांत झाड औषधालाही सापडत नाही, नुसतं पिवळं गवत आणि सुट्या दगडांचा घसारा. रान सरकारी, शिकारीचा परवाना कोणालाही मिळतो. बाकी सगळं पायांवर.

एप्रिल तोंडावर आला होता. एप्रिलमध्ये, तिथल्या शरदात, माजावरचे नर ओरडतात आणि आवाजावरून हरणांचा माग लागतो. त्याचा मित्र संग्राम आणि तो अकरा वर्षं याच दिवसांत शिकारीला जात. तीन वर्षांपूर्वी गोळी लागून घळीत मोठा नर पडला. मांस एका खेपेत निघणारं नव्हतं. पहिली खेप आपण एकट्याने गाडीपाशी टाकून यायची, असं पुरुषोत्तमनेच ठरवलं.

"जा पुरुभाऊ, स्वीट ॲज, काही अडचण नाही," संग्राम म्हणाला. "तू येईस्तोवर सगळं बांधून ठेवतो."

पुरुषोत्तम परत पोचला तेव्हा घळीत ढग उतरला होता. मांस पिशव्यांत नीट बांधलेलं. संग्राम नव्हता. हेलिकॉप्टर आठ दिवस फिरलं, पण तो सापडला नाही.

तेव्हापासून टेकडी चढताना त्याला मागून पावलं ऐकू येत, आपल्यापेक्षा जराशी उशिरा. तो थांबला की एक पाऊल जास्तीचं पडे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याची बायको आनंदी कप उचलायला आली आणि नकाशाशीच थांबली.

"अहो, रायफल तर कपाटात कुलूपबंद आहे. हरणांना काय हात जोडून बोलावणार?"

त्याने नकाशाची घडी तळव्याने सपाट केली.

"आणि हे वर्तुळ घळीत का? हरणं वर डोंगराच्या सोंडेवर असतात, तुम्हीच सांगता."

"संग्राम तिथे आहे."

आनंदी खुर्ची ओढून बसली. "तुम्ही जिना चढता ना, तेव्हा मी भाजी चिरायची थांबते. दोघं आल्यासारखं वाटतं."

पुरुषोत्तमने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

तिने वही पुढे सरकवली. रानात जाणारा माणूस वाट आणि परतायची वेळ घरी लिहून ठेवतो. वेळ टळली की घरचे पोलिसांना कळवतात. "लिहा. खरं लिहा."

त्याने लिहायला घेतलं. शनिवारी सोंड. रविवारी घळ, उतरायला दोन तास. शोधायला चार. मग पेन्सिल अडली. घसाऱ्यावरून पाचशे मीटर वर, सहासष्टीचे गुडघे: सात तास. त्याने पुन्हा बेरीज केली: तेरा तास, आणि उजेड अकराच तासांचा. जन्मात कधी खोटी वेळ लिहिली नव्हती.

"बसत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"उजेडात वर येणं. एकट्याने नाही जमत."

"मग सोंडेवरून मागे फिरा."

"तो खालून हाका मारत असला तर?"

"तर वरून ओ द्या," आनंदी म्हणाली. "पण उतरू नका."

त्याने वही जवळ ओढली. मग घळीची ओळ खोडून त्याने लिहिलं: फक्त सोंड. परत रविवारी, दुपारी चार.

थोडं थांबून चाराचे पाच केले. ओ देऊन ऐकत बसायला तासभर धरायला हवा.